वाइनरीत जाताना: ग्लासाआधीचा एक तास

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातले पाच जण मिळून एका वाइनरीत सहलीला निघाला आहात. सकाळी मळा आणि वाइन बनवण्याची जागा दाखवणार, मग सहा वाइन चाखायला देणार आणि शेवटी जेवण. वाइनमधलं कुणालाच फारसं कळत नाही, सासूबाई दारूला स्पर्शही करत नाहीत आणि परतताना गाडी दिरांना चालवायची आहे. काय बघावं, कसं चाखावं आणि तिथल्या लोकांसमोर अवघडल्यासारखं होईल का, असं तुम्ही विचारलंत.

शेवटची शंका आधी दूर करतो. वाइनच्या टाक्या आणि बॅरलं यांच्यात मी वीस वर्षं काम केलं आणि त्यातली बरीच वर्षं पाहुण्यांना फिरवलंही. ज्याला काही माहीत नाही असा पाहुणा आम्हाला मनापासून आवडतो, कारण तो समोर जे आहे ते नीट बघतो. वाईट वाटतं ते टेस्टिंगच्या टेबलाशी लवकर पोचायचं म्हणून मळ्यातून आणि टाक्यांमधून भराभर चालत सुटणाऱ्यांचं. ग्लासात जी चव लागते तिचं कारण आधीच्या तासाभरात त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलेलं असतं. ते ज्याने पाहिलं त्याला सहाही ग्लास वेगळे आठवतात. बाकीच्यांना तिसऱ्या ग्लासापासून सगळ्या वाइन सारख्याच लागतात. म्हणून माझं उत्तर टेबलापेक्षा त्या तासाबद्दल जास्त आहे.

निघण्यापूर्वीचं आधी सांगतो. पोटभर न्याहारी करून जा. त्या दिवशी कुणीही अत्तर, सेंट किंवा उग्र वासाचं तेल लावू नका. एकाच्या मनगटावरचा सेंट अख्ख्या टेबलावरच्या वाइनचे वास दाबून टाकतो. दात घासल्यावर लगेच वाइन चाखली तर ती कडवट लागते, तेव्हा मध्ये तासभर तरी जाऊ द्या. टाक्यांच्या भागात फरशी सतत धुतलेली आणि ओली असते, म्हणून पायात न घसरणारे बंद बूट हवेत. बॅरलांच्या खोलीत बाहेर कडक ऊन असलं तरी गारवा असतो, सासूबाईंसाठी शाल घ्या. फिरताना कुठे पायऱ्या आहेत आणि त्यांना कुठे बसता येईल, हेही फोन करून विचारून ठेवा.

आता मळा. मार्गदर्शक जातींची नावं सांगेल, क्षेत्र सांगेल. ते ऐका, पण नजर वेलीच्या बुंध्याकडे न्या. जमिनीपासून थोड्या उंचीवर खोडाला एक गाठ, फुगवटा दिसेल. तो कलमाचा सांधा आहे. खालचा खुंट एका जातीचा आणि वरची वेल दुसऱ्याच जातीची. १८६० च्या दशकात उत्तर अमेरिकेतून फिलोक्सेरा नावाची बारीक कीड युरोपात पोचली. ती द्राक्षाच्या मुळांवर जगते. पुढच्या काही दशकांत तिने फ्रान्सपासून सुरू करून युरोपातले बहुतेक मळे संपवले. औषधं झाली, मळ्यांत पाणी कोंडून वेली बुडवून पाहणं झालं. शेवटी उपाय सापडला तो अमेरिकी वेलींच्या मुळांत, कारण त्या वेली या किडीच्या सोबतीनेच वाढल्या होत्या आणि तिला पुरून उरत होत्या. त्यांच्या खुंटावर युरोपी जातीची काडी बांधायची पद्धत तेव्हापासून रुजली. आज चिलीसारखे थोडे प्रदेश सोडले तर जगभरच्या बहुतेक वाइन अशा कलमी वेलींतून येतात. त्या गाठीवर एकदा हात ठेवून बघा.

मग वर बघा. तारांवर आडवे पसरलेले ओलांडे, म्हणजे वेलीच्या जाड फांद्या, त्यांवरून निघालेल्या काड्या, काड्यांवर घड. घडांवर ऊन कुठल्या बाजूने येतं आणि पानं मुद्दाम काढली आहेत का, हे विचारा. पानं दाट ठेवली तर घड सावलीत राहतात आणि काही जातींच्या वाइनला कच्च्या ढोबळी मिरचीसारखा हिरवा वास येतो. फार मोकळी केली तर मणी उन्हाने भाजतात. दिवसाची सगळी चव या निवडीपासून सुरू होते. मळ्यात दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात, त्या जपून घ्या. एक म्हणजे वेलीवर जितके कमी घड तितकी वाइन चांगली. हे अर्धंच खरं आहे. पानं आणि घड यांचा मेळ बसायला हवा, आणि फार थोडे घड ठेवलेली जोमदार वेल नुसता पालाच वाढवत बसते. दुसरी म्हणजे जमिनीतल्या दगडाची चव वाइनमध्ये उतरते. दगड चव होऊन मुळांतून वर चढत नाही. जमीन पाणी किती धरते, किती लवकर सोडते आणि किती तापते, यावर वेलीची वाढ आणि मण्याचा आकार ठरतो. जमिनीचा हात मोठाच आहे, पण तो असा चालतो.

हंगाम असेल तर परवानगी विचारून दोन-तीन मणी तोडा. सहलीतली सगळ्यात मोलाची दोन मिनिटं मी याला म्हणेन. मणी आख्खा चावून गिळू नका. आधी गर जिभेवर दाबा: गोडी आणि आंबटपणा कळेल. मग साल वेगळी चावा: काळ्या द्राक्षाची असेल तर जिभेवर रंग आणि हिरड्यांवर तुरटपणा उतरेल. मग बी फोडा. हिरवी बी कडू लागते, पिकलेली तपकिरी बी भाजलेल्या दाण्यासारखी कुरकुरते. मण्यात पाणी उतरायला लागलं, म्हणजे तो मऊ पडून रंग धरायला लागला, की साखर चढत जाते आणि आंबटपणा उतरत जातो. तोडणी कधी करायची हे या दोन रेषा कुठे भेटतात त्यावर ठरतं. मळ्यातला माणूस रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या छोट्या उपकरणावर ब्रिक्स, म्हणजे रसात शेकडा किती साखर आहे, ते बघतो. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का अल्कोहोल तयार होतं, म्हणून २४ ब्रिक्सला तोडलेल्या द्राक्षांची वाइन साधारण तेरा-चौदा टक्क्यांची होते. पण साखरेचा आकडा एकटा पुरत नाही. मी शेवटचा निर्णय नेहमी बी चावून घेतला.

या मण्याची आठवण तोंडात ठेवून टाक्यांकडे चला. तिथे एकच गोष्ट नीट समजून घ्या, तीवर बाकी सगळं उभं आहे. जवळजवळ सगळ्या काळ्या द्राक्षांचा रस रंगहीनच असतो. रंग आणि तुरटपणा सालीत असतो. म्हणून पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षं आधी दाबतात आणि नुसता रस आंबवतात. लाल वाइनसाठी सालीसकट आंबवतात आणि मग दाबतात. रोझे या दोन्हींच्या मध्ये आहे. काळ्या द्राक्षांचा रस काही तास सालींसोबत ठेवायचा, हवा तेवढा गुलाबी उतरला की साली दूर करायच्या. शॅम्पेनमधली पिनो न्वार ही द्राक्षाची जात काळी असूनही वाइन फिकट निघते ती याच कारणाने: तिला हलक्या हाताने, लगेच दाबतात. द्राक्षं दाबायच्या यंत्रासमोर, म्हणजे प्रेससमोर, उभं राहून ‘यातून आंबण्याआधी काय जातं आणि आंबल्यावर काय?’ एवढं विचारा. समोरचा माणूस खुलेल, कारण तुम्ही त्याच्या कामाच्या मर्मावर बोट ठेवलेलं असेल.

टाक्यांवर छोटा तापमानाचा आकडा असतो, तो वाचा. पांढरी वाइन साधारण १२ ते १८ अंशांवर हळूहळू आंबवतात, म्हणजे फुलाफळांचे हलके वास उडून जात नाहीत. लाल वाइन २५ ते ३० अंशांवर जोरात आंबते, कारण सालीतून रंग आणि तुरटपणा काढून घ्यायचा असतो. आंबताना निघणाऱ्या वायूने साली वर तरंगून जाड थर बनतो. तो दिवसातून दोन-तीनदा खाली ढकलावा लागतो, किंवा खालचा रस पंपाने त्याच्यावर फिरवावा लागतो. तसं केलं नाही तर थर सुकतो, तापतो आणि आंबूस वास धरतो. त्या हंगामात आम्ही पहाटे पहिलं काम हेच करायचो. तुम्ही गेलात तेव्हा ते चालू असेल तर दहा मिनिटं जास्त मागून घ्या.

इथे एक गोष्ट निक्षून सांगतो. आंबत असलेल्या टाकीच्या तोंडावर वाकून वास घेऊ नका आणि मुलं सोबत असतील तर त्यांना हाताशी धरा. एक लिटर रस आंबताना पन्नास लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड सुटतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे टाकीच्या तोंडाशी आणि खोलगट जागी साचतो. डोळ्यांना काही दिसत नाही आणि माणूस दोन श्वासांत कोसळू शकतो. मार्गदर्शकाने एखादं दार उघडायला नकार दिला तर तो तुमच्या भल्यासाठी देतो आहे.

लाल वाइनच्या टाकीशी आणखी एक विचारा: यात दुसरं आंबणं झालं का? साखर संपल्यावर काही जीवाणू वाइनमधलं मॅलिक आम्ल, म्हणजे हिरव्या सफरचंदातला झोंबरा आंबटपणा, लॅक्टिक आम्लात बदलतात आणि वाइन मऊ होते. जवळजवळ सगळ्या लाल वाइनमध्ये हे होऊ देतात. पांढऱ्यांपैकी शार्डोनेसारख्या काहींमध्ये मुद्दाम करतात, आणि कधीकधी जो लोण्याचा वास येतो तो तिथून येतो. सोव्हिन्यों ब्लांमध्ये सहसा रोखतात, कारण तिचा तरतरीतपणा टिकवायचा असतो. टेबलावर या दोन पांढऱ्या वाइन शेजारी आल्या तर फरक जिभेलाच कळेल.

बॅरलांच्या खोलीत सगळ्यांचे मोबाइल बाहेर येतात. येऊ द्या, जागा सुंदरच असते. पण बॅरल म्हणजे साठवणीचं नुसतं भांडं नाही. फ्रान्समधल्या बोर्दोच्या पद्धतीचं बॅरल २२५ लिटरचं, म्हणजे तीनशे बाटल्यांचं. ओकच्या फळ्या वाकवताना आणि नंतरही आतून विस्तवावर भाजतात. व्हॅनिलाचा, लवंगेचा, भाजक्या पावाचा वास वाइनला त्या लाकडातून आणि भाजणीतून मिळतो. लाकडातून किंचित हवा आत शिरते आणि तुरटपणाचे कोपरे झिजतात. थोडी वाइन उडूनही जाते, म्हणून बॅरलं नियमित भरून घ्यावी लागतात. विचारायचं ते हे: यातली किती नवी आहेत? नवं बॅरल जोरात वास देतं, तीन-चार हंगाम वापरलेलं जवळजवळ काहीच देत नाही. सगळी बॅरलं नवी असणं ही श्रीमंतीची खूण असेल, चांगल्या वाइनची असतेच असं नाही. हलक्या अंगाच्या वाइनवर नवं लाकूड चढवलं की द्राक्ष हरवतं. मला स्वतःला लाकूड कमी लागणाऱ्या वाइन आवडतात, हे उघड सांगतो, म्हणजे माझं म्हणणं तुम्ही त्या हिशेबाने घ्याल.

फसफसणारी वाइन तिथे बनत असेल तर बाटलीतलं दुसरं आंबणं दाखवतील. हे मघाच्या जीवाणूंच्या आंबण्याहून वेगळं. बाटलीत बाहेरच्या हवेच्या पाच-सहा पट दाब असतो, म्हणून काच जाड आणि बूच तारेने बांधलेलं. बाटल्या भरण्याचं यंत्र बहुतेक वेळा बंदच असतं. तिथे वेळ घालवू नका.

एक प्रश्न शाकाहारी मंडळींनी जरूर विचारावा: वाइन निवळायला काय वापरता? अंड्याचा पांढरा बलक, माशाच्या पिशवीपासून केलेला पदार्थ, जिलेटिन, दुधातलं केसीन हे सगळे जुने आणि आजही चालणारे उपाय आहेत. ते गाळासोबत खाली बसतात आणि काढून टाकले जातात, पण ज्याला ते चालत नाहीत त्याला आधी कळायला हवं. बेंटोनाइट नावाच्या मातीनेही निवळवता येतं, आणि काही जण वाइन नुसती वेळ देऊन निवळू देतात.

आता टेबल. आधी ग्लास रिकामा असतानाच हुंगा. फडक्याचा किंवा साबणाचा वास आला तर बदलून मागा, संकोच करू नका. वाइन साधारण हलकीपासून भारीकडे येतात: फसफसणारी, पांढऱ्या, रोझे, लाल, शेवटी गोड. हा क्रम मोडू नका. गोड वाइननंतर कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, वाइन नुसती आंबट लागते.

ग्लासात वाइन आली की ग्लास तिरका धरून पांढऱ्या कागदावर रंग बघा. मग फिरवा. काचेवरून ओघळ उतरतील आणि कुणीतरी म्हणेल की ओघळ जाड म्हणजे वाइन उंची. तसं नाही. अल्कोहोल पाण्याआधी उडतं, त्यामुळे काचेवरच्या पातळ थराचा ताण बदलतो आणि द्रव वर ओढला जाऊन थेंबांनी खाली येतो. शास्त्रज्ञ जेम्स थॉम्सन यांनी हे १८५५ मध्येच मांडलं. ओघळांवरून अल्कोहोलचा अंदाज येतो, गुणाचा नाही.

खरं काम नाकाचं आहे. फिरवण्याआधी एकदा आणि फिरवल्यावर एकदा, असा दोनदा वास घ्या. लांबलचक श्वास घेऊ नका. छोटे दोन-तीन हुंगण्याचे झटके घ्या आणि ग्लास दूर करा. मग लगेच बोलू नका. आमच्याकडच्या टेबलावर मी पहिला अर्धा मिनिट कुणालाच बोलू द्यायचो नाही, स्वतःही गप्प राहायचो. मार्गदर्शकाने ‘यात मध आहे’ म्हटलं की सगळ्यांना मध सापडतो. २००१ मध्ये बोर्दोतल्या संशोधकांनी वाइन शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना लाल रंग मिसळलेली पांढरी वाइन दिली, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. शिकलेल्यांचं नाक डोळ्यांमागे जातं, तर आपलं शब्दांमागे जाणारच. तेव्हा प्रत्येकाने आधी आपापला शब्द कागदावर लिहावा आणि मग मार्गदर्शकाचं ऐकावं. शब्द सुचत नसतील तर मोठ्या गटापासून छोट्याकडे या: फळ की फूल की मसाला की माती? फळ असेल तर आंबट की पिकलेलं? कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात अ‍ॅन नोबल यांनी १९८० च्या दशकात वासांचं चक्र बनवलं ते याच पायऱ्यांवर.

आणि दोघांना वेगळे वास आले तर वाद घालू नका, दोघंही बरोबर असू शकतात. शिराज वाइनमधला काळ्या मिरीचा वास रोटंडोन नावाच्या रेणूमुळे येतो, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तो २००८ मध्ये ओळखला. त्यांच्या चाचणीत सुमारे वीस टक्के लोकांना तो जाणवलाच नाही. म्हणजे तुम्ही पाच जण आहात, त्यातल्या एखाद्याला मिरीचा पत्ताच लागला नाही तर त्याचं नाक कमी पडलं असं समजू नका.

आता घोट. चमचाभर वाइन तोंडात सगळीकडे फिरवा आणि चार ठिकाणी लक्ष द्या. जबड्याच्या कडांना लाळ सुटली तर आम्ल. हिरड्या आणि गाल कोरडे पडले तर टॅनिन, तेच जे सकाळी सालीत आणि बीत चावलं होतं. लाळेतल्या प्रथिनांना ते धरून बसतं म्हणून तोंड खरखरीत होतं. घशाशी ऊब आली तर अल्कोहोल. आणि गिळल्यावर किंवा थुंकल्यावर चव किती वेळ रेंगाळते ते. मग स्वतःला विचारा: हे मी सकाळी कुठे पाहिलं? थंड टाकीत की बॅरलात? सालीसोबत की सालीशिवाय? उत्तर चुकलं तरी मार्गदर्शकाला सांगा. माझ्या आठवणीतली सगळ्यात चांगली टेस्टिंग अशा चुकीच्या अंदाजांवरून झालेल्या गप्पांची आहेत.

एखाद्या ग्लासाला ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट तळघराचा वास आला तर तो तुमचा भ्रम समजू नका. बुचातून येणारा टीसीए नावाचा पदार्थ लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असला तरी वाइनचा मूळ वास दाबून टाकतो. दुसरी बाटली उघडायला सांगा. चांगली माणसं आभार मानून उघडतात.

थुंकण्याबद्दल. टेबलावर त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं आणि आमच्या धंद्यात सगळे थुंकतात. त्यात अपमान कुणाचाच नाही. हिशेब बघा. प्रत्येकी ५० मिलिलिटर धरले तर सहा ग्लास म्हणजे ३०० मिलिलिटर. तेरा टक्क्यांच्या हिशेबाने त्यात तीस ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल आहे. शरीर तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम निचरा करतं. म्हणजे जेवणाच्या वेळच्या ग्लासाआधीच तीन-चार तासांचं काम झालं. दिरांना हे आकडे आधीच सांगा. थुंकूनही थोडं अल्कोहोल तोंडातून शोषलं जातंच, म्हणून गाडी चालवणाऱ्याने फक्त हुंगावं असं माझं ठाम मत आहे. त्यांची त्यावर नाराजी असेल तर भाड्याची गाडी ठरवा. त्या दिवसाच्या खर्चातली ती सगळ्यात योग्य रक्कम असेल.

मी नवा असताना ज्या वाइनरीत होतो तिथे टेस्टिंग आणि जेवण यांच्यात दीड तासाचं अंतर ठेवलेलं होतं. भर दुपारी, रिकाम्या पोटी आठ वाइन घेतलेल्या एका वयस्कर गृहस्थांना माझ्यासमोर चक्कर आली. त्यांना सावलीत झोपवून पाणी देताना माझे हात थरथरत होते. तेव्हापासून पाव आणि पाणी टेबलावर वाइनच्या आधी येतं, हा नियम मी जिथे गेलो तिथे लावून घेतला. तुमच्या टेबलावर आलं नाही तर मागा. पोटात अन्न असलं की अल्कोहोल आतड्याकडे हळू सरकतं, आणि पाणी प्रत्येक ग्लासामागे तेवढंच प्यायलं तर संध्याकाळ बरी जाते.

सासूबाईंना टेबलाच्या टोकाला सरबत देऊन बसवू नका. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग वास असतो आणि तो त्यांना पूर्ण घेता येतो. त्यांच्यासमोरही ग्लास ठेवायला सांगा, त्यांची इच्छा असेल तर. मी असं पाहिलं आहे की आयुष्यभर स्वयंपाकघरात मसाले हुंगून पारखलेल्या बायका टेबलावर सगळ्यांच्या आधी लवंग आणि व्हॅनिला ओळखतात. हंगाम असेल तर न आंबलेला ताजा रस त्यांच्यासाठी मागा. मात्र जेवणाच्या पदार्थांत वाइन घातली आहे का, हे आरक्षण करतानाच विचारा. शिजवताना अल्कोहोल पूर्ण उडून जातं हा गैरसमज आहे. पंधरा मिनिटं उकळल्यावरही साधारण चाळीस टक्के शिल्लक राहतं. गोड पदार्थात तर ते अनेकदा न शिजवताच घातलेलं असतं.

जेवायला बसताना टेस्टिंगमधला एक पांढरा आणि एक लाल ग्लास, घोटभर वाइन ठेवून, सोबत न्या. जेवणासोबत कुठली वाइन ‘जुळते’ याच्या याद्या विसरा आणि तिथल्या तिथे करून बघा. लाल वाइनचा घोट, मग चीज किंवा अंड्याचा घास, मग पुन्हा घोट: तुरटपणा एकदम खाली बसतो, कारण टॅनिनला धरायला लाळेऐवजी घासातली प्रथिनं मिळतात. जिभेवर मिठाचा कण ठेवून तीच वाइन घ्या, कडूपणा कमी लागेल. पांढऱ्या वाइनआधी लिंबू पिळलेला घास घ्या, मघाशी झोंबणारी वाइन गोडसर वाटेल. आता उलट बाजू: गोड घासावर कोरडी वाइन घेतलीत तर ती आंबट आणि पोकळ होते. आणि तिखट घासावर चौदा टक्क्यांची लाल वाइन म्हणजे आगीवर तेल, अल्कोहोल तिखटाची जळजळ वाढवतं. तिखट असेल तर कमी अल्कोहोलची, किंचित गोडवा असलेली थंड पांढरी मागा. या पाच घोटांमध्ये जे कळतं ते पुढे कुठल्याही जेवणाला कामी येईल.

लाल वाइन गरम दुपारी कोमट आली तर बर्फाच्या पाण्यात पाच-दहा मिनिटं बाटली बुडवून मागा. तिला १६ ते १८ अंश हवेत. तीस अंशांच्या खोलीत नुसतं अल्कोहोल नाकात जातं. पांढरी उलट फार गार आली तर तळव्यात ग्लास धरून थोडी उबेला येऊ द्या, वास मोकळे होतील.

खरेदी जेवणानंतर करा, आणि सकाळच्या कागदावर काय लिहिलं होतं ते बघून करा. टेस्टिंगच्या शेवटी, सगळे खुशीत असताना विकायला ठेवलेली पेटी बहुतेकांना घरी गेल्यावर तेवढी आवडत नाही. ज्या वाइनशी जेवतानाही परत जावंसं वाटलं तीच घ्या, दोन बाटल्या पुरेत. बाटलीवरचं वर्ष टेस्टिंगमध्ये दिलेल्या वर्षाशी जुळतं का बघा. वर्ष बदललं की वाइन बदलते. ही आत्ता प्यायची की ठेवायची, हे विचारून बाटलीवरच पेन्सिलीने लिहून घ्या. बहुतेक वाइन एक-दोन वर्षांत पिण्यासाठीच केलेल्या असतात.

बाटल्या डिकीत टाकू नका. उन्हात उभ्या गाडीची डिकी काही तासांत वाइन शिजवून टाकते, बूच वर सरकतं आणि वास जॅमसारखा होतो. मागच्या सीटच्या पायाशी, सावलीत, कपड्यात गुंडाळून ठेवा. घरी पोचल्यावर लाल वाइन निदान आठवडाभर हलवू नका, म्हणजे प्रवासात ढवळलेला गाळ खाली बसेल. तळाशी काचेसारखे बारीक खडे दिसले तर घाबरू नका, ते द्राक्षातल्याच टार्टारिक आम्लापासून बनलेल्या क्षाराचे स्फटिक आहेत. बाटली हळू ओता आणि शेवटचा घोट बाटलीतच राहू द्या.